गुलाबी पिल्लू, महिन्याचं कुत्रं आणि ‘जितकं लहान तितका लळा’

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाने मांडवीजवळच्या टोपलीवाल्याकडून रंगवलेली कोंबडीची दोन पिल्लं आणली. एक त्याच रात्री गेलं. उरलेलं गुलाबी पिल्लू अकरा दिवस घरात आहे, सारखं मुलाच्या पायापायात करतं आणि तो शाळेत गेला की घर डोक्यावर घेतं. सासूबाई म्हणतात, हा ऋणानुबंध. ताईंनी कुठेतरी वाचलंय की पिल्लू पहिल्यांदा ज्याला बघतं त्यालाच आई मानतं आणि ते जन्मभर पुसलं जात नाही. मग आता दुसरीकडे दिलं तर ते झुरून मरेल का? शिवाय पुढच्या आठवड्यात घरात महिन्याभराचं कुत्र्याचं पिल्लू यायचंय. विकणारा म्हणतो, “जितकं लहान आणाल तितका लळा लागेल.”

ताई, आधी उत्तर, मग पाल्हाळ. पिल्लू झुरून मरणार नाही, पण एकटं ठेवलंत तर त्याचे हाल चालूच राहतील. त्याला त्याच्याच वयाची दोन-तीन पिल्लं सोबतीला आणा, शक्यतो याच आठवड्यात. आणि कुत्र्याचं पिल्लू अजून चार आठवडे आईजवळच राहू द्या. विकणारा उलटं सांगतोय.

मी आणंदला शिकलो. पहिली बारा वर्षं पादरा-डभोईकडे गाईम्हशींमागे फिरलो आणि नंतरची बावीस वर्षं दांडिया बाजारात कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवला. ‘लळा’ या एकाच शब्दाखाली आपण किती वेगवेगळ्या गोष्टी घालतो, हे कळायला मला त्यातली निम्मी वर्षं लागली.

तुमच्या गुलाबी पाहुण्यापासून सुरुवात करू. ही टोपलीतली पिल्लं बहुतेक अंड्यांच्या जातीतले नर असतात. ते अंडी देणार नाहीत, अंगावर मांसही फारसं धरणार नाहीत, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी बाजूला काढले जातात आणि स्वस्तात बाहेर पडतात. पोटात शिल्लक राहिलेल्या अंड्यातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय तग धरतं, म्हणूनच हा प्रवास त्याला झेपतो. पण एक लक्षात घ्या. एकविसाव्या दिवशी अंडं फुटलं तेव्हा त्याने तुमच्या चिरंजीवांना पाहिलं नव्हतं. पाहिली ती ट्रेमधली, मग खोक्यातली आणि शेवटी टोपलीतली शे-पन्नास भावंडं. कोंबडीच्या पिल्लात ‘हीच आई’ असा ठसा उमटायची सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे पहिला दिवस, फार तर दीड-दोन दिवस. तुमच्या घरी ते आलं तेव्हा ती वेळ उलटून गेली असणार. त्याच्या लेखी ‘आपलं माणूस’ म्हणजे दुसरं पिल्लूच होतं. तसं एक सोबत होतं, तेही त्याच रात्री गेलं. उरलेल्यातलं सगळ्यात उबदार आणि हलतं-बोलतं कोण? तुमचा मुलगा. ते त्याच्यामागे धावतं ते खरंच आहे, त्यात खोटं काही नाही, पण ही एकटेपणातली सोय आहे.

ते ओरडतं कसं, तेही ऐका. मोठी, तीक्ष्ण, वरून खाली उतरत येणारी, एकामागून एक हाक असेल तर ते हरवल्याचं किंवा थंडी वाजत असल्याचं रडणं आहे. हळू, भरभर, गळ्यातल्या गळ्यात चिवचिव असेल तर पोट भरलंय, ऊब आहे, सगळं ठीक आहे. मुलगा शाळेत गेल्यावरचं रडणं पहिल्या जातीचं असणार. त्यात निम्मा वाटा थंडीचा असू शकतो, म्हणून आधी तो वगळा. या वयाला पिल्लाच्या उंचीवर साधारण 32 अंश तापमान लागतं. पहिल्या आठवड्यात 35 होतं, दर आठवड्याला तीनेक अंश उतरवत न्यायचं. खोक्याच्या एका कोपऱ्यात बल्ब लावा आणि दुसरा कोपरा गार ठेवा, म्हणजे ते आपली जागा आपण निवडेल. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. भुसा किंवा जुनं गोणपाट घाला. ऊब देऊनही रडणं थांबलं नाही तर मात्र ते सोबतीसाठी आहे. तोवर खोक्यात छोटा आरसा ठेवून बघा, एक-दोन दिवस निभावतं.

आता तुम्ही वाचलेली गोष्ट. ती मुळात खोटी नाही, फक्त कोंबडीपेक्षा हंसाची जास्त आहे आणि सांगता सांगता फुगली आहे. डग्लस स्पॉल्डिंग नावाच्या इंग्रज माणसाने 1873 साली लिहून ठेवलं की अंड्यातून निघाल्या निघाल्या डोळ्यांवर टोपडं चढवलेली कोंबडीची पिल्लं, टोपडं काढल्यावर समोर जो हलेल त्याच्यामागे चालू लागतात. मात्र टोपडं तीन-चार दिवसांनी काढलं तर तीच पिल्लं माणसाला पाहून घाबरून पळतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत ओस्कार हाइनरोट यांनी रानहंसाच्या पिल्लांत हेच पाहिलं आणि 1935 साली ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झ यांनी त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं. लोरेन्झ यांना 1973 साली टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्यांच्यामागे रांगेने चालणाऱ्या हंसांच्या पिल्लांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते हंस आपल्याला परके नाहीत. डभोईजवळच्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात करडे रानहंस येतात, इथले पक्षीमित्र त्यांना गाजहंस म्हणतात. दुर्बीण असेल तर मुलाला एकदा तिथे न्या.

लोरेन्झ यांनी या प्रकाराला जो जर्मन शब्द वापरला त्याचा मूळ अर्थ नाण्यावर छाप पाडणं. इम्प्रिंटिंग हा त्याचाच इंग्रजी अवतार. छाप एकदा पडली की पडली, असं त्यांचं म्हणणं. पुढे एकहार्ड हेस यांनी अमेरिकेत बदकाच्या पिल्लांवर घड्याळ लावून मोजलं, तर तेरा ते सोळा तासांच्या वयात ठसा सगळ्यात पक्का उमटत होता. पण नंतरच्या लोकांनी ‘जन्मभर’ या शब्दाला बरीच कात्री लावली. अंधारात वाढवलेल्या पिल्लात ही वेळ लांबते, म्हणजे ती निव्वळ घड्याळाने संपत नाही. एक काहीतरी ओळखीचं झालं की बाकी सगळं अनोळखी होतं, त्याची भीती वाटायला लागते आणि दार आपोआप लोटलं जातं.

शिवाय पिल्लू अगदी कोरी पाटी घेऊन येत नाही. केंब्रिजला गेब्रिएल हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधारात वाढवलेल्या पिल्लांसमोर एका बाजूला पेंढा भरलेली रानकोंबडी आणि दुसऱ्या बाजूला रंगीत खोकं ठेवलं. काहीच शिकवलेलं नसताना पिल्लांचा कल हळूहळू कोंबडीकडे झुकत गेला. डोकं आणि मान असलेला आकार त्यांना जन्मतःच जवळचा वाटतो. बदकाची पिल्लं तर अंड्यात असतानाच स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकून तयार होत असतात. निसर्ग आईचा ढोबळ नकाशा आधीच देऊन ठेवतो, पहिला दिवस त्यात बारकावे भरतो. तुमच्या पिल्लाच्या बाबतीत म्हणूनच आशा आहे. त्याला कोंबडी ओळखायला शिकवावी लागणार नाही.

खरी काळजी करायची ती दुसऱ्या ठशाची. मागे-मागे जायचा ठसा मोठं झाल्यावर आपोआप फिका पडतो. जोडीदार कोण, प्रतिस्पर्धी कोण, आपली जात कुठली, हा ठसा सावकाश उमटतो आणि तो मात्र चिवट असतो. झेब्रा फिंच नावाचे छोटे पक्षी दुसऱ्या जातीच्या पालकांनी वाढवले तर मोठेपणी त्या दुसऱ्या जातीशीच जोडी जमवू पाहतात, हे जर्मनीत क्लाउस इमेलमान यांनी दाखवलं. याहून ठसठशीत गोष्ट अमेरिकेतल्या टेक्स नावाच्या, हूपिंग क्रेन जातीच्या क्रौंच मादीची. ती प्राणिसंग्रहालयात माणसांच्या हातांवर वाढली आणि तिला नर क्रौंचात रसच उरला नाही. जात नामशेष व्हायला आलेली, एकेक अंडं मोलाचं. शेवटी जॉर्ज आर्चिबाल्ड हे क्रौंचतज्ज्ञ हंगामच्या हंगाम तिच्याजवळ राहिले, तिच्यासमोर क्रौंचासारखे उड्या मारत नाचले, तेव्हा ती अंड्यावर आली. कृत्रिम रेतनातून 1982 साली तिचं एक पिल्लू जगलं. त्यानंतर क्रौंच वाढवणारे लोक पांढरा डगला घालून, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली घेऊन पिल्लांना भरवू लागले, म्हणजे माणसाचा चेहरा पिल्लांना दिसायलाच नको.

इथे कोणीतरी त्या उत्तर प्रदेशातल्या सारसाचा दाखला देईल, जो मोटारसायकलवरच्या माणसाबरोबर उडत जायचा आणि 2023 साली ज्याला कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. ते प्रकरण वेगळं. तो सारस जखमी अवस्थेत सापडला तेव्हा पिल्लाच्या वयाचा नव्हता. त्याला आपण सारस आहोत हे पक्कं माहीत होतं, वर एका माणसाची ओळख जडली. याला मी लळा म्हणेन, ठसा म्हणणार नाही.

आणि कोकिळेचं काय, हे मला दर चैत्रात कोणीतरी विचारतंच. कावळ्याच्या घरट्यात वाढलेलं पिल्लू कावळा का होत नाही? संस्कृतात तिला परभृता म्हणतात, दुसऱ्याने पोसलेली. ठसा सगळ्या पक्ष्यांत सारखाच असता तर कोकिळेची जात केव्हाच बुडाली असती. दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची ही कुलपं वेगळी असतात. अमेरिकेतल्या काऊबर्डच्या पिल्लाला आपल्या जातीची एक विशिष्ट ‘कटकट’ अशी हाक ऐकली की ओळख पटते, मग पालनकर्ता कोणी का असेना. जन्मजात सांकेतिक खूणच म्हणा.

गोठ्यात तर हे सगळं उलटं फिरतं. तिथे पिल्लापेक्षा आईवर ठसा उमटतो आणि तो वासाचा असतो. हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण कळलं ते पादऱ्याजवळच्या एका खेड्यात, नोकरीच्या पहिल्याच वर्षी. शेळी अडली होती. पहिलं करडू आपणहून आलं, दुसरं मी ओढून काढलं. शहरी उत्साहाने त्याला बाजूला नेलं, नाकातोंडातला चिकटा काढला, जंतुनाशकाच्या कोमट पाण्याने स्वच्छ धुतलं, टॉवेलने पुसून खुटखुटीत केलं आणि तासाभराने आईपुढे ठेवलं. तिने एकदा हुंगलं आणि शिंगाने भिरकावलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. घरची म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, “साहेब, तमे तो एनी वास धोई नाखी.” तुम्ही तर त्याचा वासच धुऊन टाकलात. मग तिने पडलेल्या वारेतलं पाणी करडाच्या पाठीला चोळलं, वर चिमूटभर मीठ टाकलं, शेळीचं तोंड धरून बसली. अर्ध्या तासाने शेळी चाटू लागली. मी त्या दिवशी फी घेतली नाही.

म्हातारीला जे ठाऊक होतं ते अमेरिकेत पीटर क्लॉफर यांनी 1960च्या दशकात मोजलं होतं. व्याल्यावर पाच मिनिटं जरी करडू शेळीजवळ राहिलं तर पुढे काही तास दूर नेऊनही ती त्याला परत घेते. जन्मल्या जन्मल्या उचललं आणि तासाभराने आणलं तर हाकलते. प्रसूतीच्या कळांबरोबर मेंदूत ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि तेवढा वेळ आईचं नाक उघडं दार असतं. म्हशीचंही तसंच. रेडकू मेलं की पान्हा सोडत नाही, म्हणून जुने लोक त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवत आणि ती ते चाटत चाटत दूध सोडे. केंब्रिजच्या प्रयोगशाळेतली ती पेंढ्याची कोंबडी वाचली तेव्हा मला आमच्या भागातलं पेंढ्याचं रेडकूच आठवलं.

गोठ्यातली आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती जिवावर बेतते. आई मेलेलं नर वासरू किंवा बोकड एकट्याने बाटलीवर, माणसांत वाढवला तर लहानपणी तो लाडका असतो. वयात आल्यावर तोच माणसाला आपल्या कळपातला दुसरा नर समजून अंगावर येतो. त्याला माणसाची भीती उरलेली नसते आणि आपण बैल आहोत की माणूस, याचा हिशोब लागलेला नसतो. बाटली द्या, पण दुसऱ्या वासरांत बांधून द्या. तुमचं पिल्लूही नर असण्याची शक्यता मोठी आहे. तेही एकटं वाढलं तर पाचेक महिन्यांनी तुमच्या मुलाच्या पोटऱ्यांवर झेप घेईल, आणि घरचे म्हणतील, “एवढं प्रेम दिलं तरी उलटलं.”

माकडांत हिशोब आणखी वेगळा. हॅरी हार्लो यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग क्रूर होते, पण त्यातून कळलं ते मी अनाथ पिल्लांसाठी नेहमी वापरलं. तारेच्या ‘आई’ला दुधाची बाटली होती, कापडी ‘आई’ला नव्हती, तरी पिल्लं दिवसभर कापडाला चिकटून राहत आणि दूध पिण्यापुरती तारेकडे जात. विजेच्या तारेला लागून मेलेल्या लंगूर मादीचं पिल्लू कोणी दवाखान्यात आणलं की मी बाटलीच्या आधी त्याला जाड टर्किश टॉवेल गुंडाळून देत असे. मुठी त्यात रुतल्या की निम्मं रडणं थांबतं. मग टोळी जवळपास असेल तर वनखात्याच्या लोकांना बोलावून पिल्लू तिच्या नजरेच्या टप्प्यात ठेवायचं. लंगुरांत तान्हं पहिल्या दिवसांपासून मावश्यांच्या कडेवर फिरतं, एखादी उचलून नेण्याची आशा असते. घरी ठेवून घ्यायचं मात्र नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे आणि मोठेपणी सुळे आलेलं लंगूर तुम्हाला सांभाळताही येणार नाही.

आता कुत्रं. यात तुमचे पैसे आणि पुढची बारा-तेरा वर्षं गुंतलेली आहेत, म्हणून जरा सावकाश. कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, त्यानंतर कान. म्हणजे हंसासारखा पहिल्या दिवशीचा ठसा इथे शक्यच नाही. त्याचं दार तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतं आणि बारा-चौदा आठवड्यांपर्यंत हळूहळू मिटतं. फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी 1961 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्लं आईबरोबर कुंपणाच्या मैदानात, माणसांच्या सहवासाशिवाय वाढवली. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही ती रानटी श्वापदासारखी राहिली. मधल्या आठवड्यांत ज्यांना थोडे दिवस सहवास मिळाला ती माणसाळली.

या दोन-तीन महिन्यांत त्याला दोन शाळा पुऱ्या करायच्या असतात, आधी कुत्र्यांची आणि मग माणसांची. विकणारा तुम्हाला पहिल्या शाळेतून नाव काढून आणायला सांगतोय. चार ते आठ आठवड्यांत पिल्लू भावंडांशी कुस्ती खेळता खेळता शिकतं की दात किती रुतवायचे. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ बंद होतो, आई गुरगुरते. हे धडे तीस दिवसांत उचललेल्या पिल्लाला तुमच्या मुलाच्या हातांवर शिकावे लागतात. दवाखान्यात ‘फार चावतो, रागीट आहे’ म्हणून आणलेल्या कित्येक पिल्लांचा इतिहास विचारला की उत्तर ठरलेलं, महिन्याचं असताना आणलं. शिवाय तेव्हा अंगावरचं दूध पुरतं सुटलेलं नसतं, लस झालेली नसते आणि पार्व्होसारखा उलट्या-हगवणीचा जीवघेणा आजार पहिल्या आठवड्यातच घरी येऊ शकतो. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 सालच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, हेही त्या सद्गृहस्थांना ऐकवा. मांजराचं दार याहून लवकर मिटतं, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, पण तो तुमचा प्रश्न नाही.

आठव्या आठवड्यात आणलंत की दुसरी शाळा लगेच सुरू करा. इथे माझ्याच पेशातले काही जण चूक करतात. सगळ्या लसी होईपर्यंत घराबाहेर काढू नका म्हणतात, तोवर पिल्लू चार महिन्यांचं होतं आणि दार बंद. जमिनीवर ठेवू नका, भटक्या कुत्र्यांत सोडू नका, पण कडेवर घेऊन रोज फिरवा. रिक्षा, कुकरची शिट्टी, दाढीवाला, काठीवाला, बुरखा, हेल्मेट, पळणारी मुलं, सगळं एकदा दिसू द्या. नवरात्रातला ढोल, दिवाळीचे फटाके आणि उत्तरायणाला गच्चीवरचा गोंगाट मोबाइलवर बारीक आवाजात लावून त्याच वेळी खाऊ द्या, आवाज आठवड्याआठवड्याने वाढवा. बडोद्यात कुत्रं पाळायचं तर हे तीन आवाज त्याच्या अभ्यासक्रमात हवेतच.

आणि हो, कुत्रं आणि गुलाबी पिल्लू एकाच घरात. भरवाड मेंढपाळांच्या कळपात कुत्री मेंढरांतच वाढतात आणि मेंढरांना आपलीच मानतात. तेव्हा लहानपणापासून बरोबर राहिली तर ओळख जमू शकते. पण आठ आठवड्यांच्या कुत्र्याचा एक खेळकर पंजा कोंबडीच्या पिल्लाला पुरेसा असतो. दोघांमध्ये जाळी ठेवा आणि तुमच्या देखरेखीशिवाय एकत्र सोडू नका.

सोबतीची पिल्लं आणाल तेव्हा एवढं करा. रंगवलेली नको, त्याच वयाची, दोन किंवा तीन. मोठ्या कोंबड्यांत सोडू नका, टोचून मारतील. रात्री अंधार झाल्यावर बल्बखाली नवी पिल्लं त्याच्या शेजारी ठेवा, झोपेत एकमेकांना चिकटली की सकाळी भांडण कमी होतं. वेगळ्या रंगावर पिल्लं चोच मारतात, तेव्हा पहिले दोन दिवस गुलाबी पिसांकडे लक्ष ठेवा. मुलाला दाणापाण्याचं काम द्या आणि रोज संध्याकाळी थोडा वेळ हातावर घेऊ द्या. तीन-चार दिवसांत पिल्लू त्याच्याकडे धावत येणं कमी करेल आणि मुलाला वाईट वाटेल, ते त्याला आधीच सांगून ठेवा. दोनेक महिन्यांनी कुकुच-कू सुरू झालं की शेजारी तक्रार करतील. तोवर ओळखीच्या कोणाच्या शेतावर सगळ्याच पिल्लांना एकत्र देता येईल, अशी जागा बघून ठेवा.